गेटवालीची डावी फांदी

कुमुदताई, आधी तुम्हाला ज्याची काळजी असायला हवी ते सांगते. तुमचा निखिल बरा आहे, माझी रेवती बरी आहे, दोघं वेळेवर जेवतात आणि ऑफिसातून वेळेवर येत नाहीत, म्हणजे सगळं पूर्वीसारखं सुरू झालं आहे. आता तुम्हाला ज्याची खरोखर काळजी असेल ते. तुम्ही गेल्यावर गेटवाली आजारी पडली. इतकी, की आपल्या बोन्सायच्या गटातली मंडळी तुमच्या फोटोला हार घालून झाला की माझ्याकडे वळून हळूच विचारायची, "आणि ती कशी आहे?"

ती म्हणजे आपली बोगनवेल. कुंडीतली, गुडघ्याएवढीच, पण बुंधा माझ्या मांडीएवढा. तिचं सांगते पुढे, सावकाश. तुम्हाला ऐकायची घाई असेल हे मला माहीत आहे, पण इथे बाकीचेही ऐकायला बसले आहेत.

बोन्सायवाल्यांचा या वेळचा मेळावा तुमच्या आठवणीत करायचा आणि मी तुमच्याविषयी लिहून आणायचं, असं गटात ठरलं. देवधर म्हणाले, जन्म, शिक्षण, नोकरी, छंद असं क्रमाने घ्या. मी म्हटलं, मला तो क्रम जमणार नाही. मी त्यांच्याशीच बोलेन, तुम्ही बाजूला बसून ऐका. देवधरांना ते फारसं पटलं नाही. पण ते निवृत्त कर्नल असले तरी मी निवृत्त मुख्याध्यापिका आहे, त्यामुळे त्यांनी ऐकलं.

नात्याने आपण विहिणी. तुमच्या मुलाला माझी मुलगी दिली, आणि त्या दिवसापासून रीतीप्रमाणे तुम्ही माझ्यावर रुसायचं आणि मी तुमची मनधरणी करायची. तुम्ही मूळच्या अमरावतीकडच्या, मी सदाशिव पेठेतली. माझ्या वहिनीने आधीच सांगून ठेवलं होतं की ही सोयरीक सणावारापुरतीच ठेवावी लागेल, ती माणसं आणि आपण, कसं जमायचं. वहिनीची सगळी भाकितं अशीच खरी ठरतात.

बोलणी करायला तुम्ही आमच्याकडे आलात तो दिवस मी अजून सगळ्यांना सांगते. माझा भाऊ कार्यालय आणि तारखा यांवर फार गंभीरपणे बोलत होता. निखिल आणि रेवती एकमेकांकडे न बघण्याचा कसून प्रयत्न करत होते. तुम्ही मात्र माझ्या गॅलरीकडे टक लावून बसला होतात. तिथे माझं एकुलतं एक बोन्साय होतं, शाळेतून निरोप घेताना मिळालेलं. उंबर होता. त्याची पानं पिवळी पडत चालली होती आणि मी त्याला सकाळ-संध्याकाळ न चुकता पाणी घालत होते.

"झाड तहानलेलं वाटते का तुम्हाला?" तुम्ही एकदम विचारलंत.

भाऊ बोलता बोलता थांबला. त्याला वाटलं, हा मानपानाचा काहीतरी आडून विचारलेला प्रश्न आहे.

"हो. म्हणून तर दोनदा पाणी घालते," मी म्हटलं.

"ते बुडून राहिलं आहे. घरात जुनी चादर आहे का?"

चादर मिळाली. मग होऊ घातलेली वरमाय, अंगावर चांगली रेशमी साडी, पदर खोचून माझ्या गॅलरीत उकिडवी बसली आणि तिने ते झाड कुंडीतून उपटून काढलं. मुळं काळी पडली होती आणि त्यांना ओल्या मोज्यांसारखा वास येत होता. तुम्ही ती कात्रीने कापत गेलात. भाऊ हातात चहाचा कप धरून दारात उभा होता, आणि बोलणी पुढे न्यावीत की थांबावं हे त्याला कळत नव्हतं. हात धुताना तुम्ही मला म्हणालात, "मुलगी पसंत आहे आम्हाला. पाणी घालायला तिच्या आईकडून शिकली नसन तर बरं." माझ्या घरात येऊन मला असं कोणी बोललं नव्हतं. तुम्ही गेल्यावर मी रागाने कपबशा घासल्या आणि घासता घासता मला हसू यायला लागलं.

लग्नातही तेच. विहिणीचे पाय धुवायची वेळ आली, तेव्हा माझ्या वहिनीने ताम्हन पुढे केलं. तुम्ही म्हणालात, "पाय मी घरून धुऊनच आले आहे. ते पाणी झाडांना द्या, गुरुवारी कपात आहे." त्या वर्षी खडकवासल्यात पाणी कमी होतं आणि आठवड्यातून एक दिवस नळ कोरडे असत, पण भर मांडवात ते कोणी बोलून दाखवेल असं वाटलं नव्हतं. आणि रुखवतात मी मोठ्या हौसेने तो वाचलेला उंबर मांडला होता, लाडू आणि भरतकामाच्या मधोमध. अक्षता पडायच्या आधी तुम्ही तिथे गेलात आणि कुंडी अर्धी फिरवलीत. झाडाची पाठ पाहुण्यांकडे केली होती म्हणे मी. बोन्सायला दर्शनी बाजू असते हे मला तेव्हा, शालू नेसलेली असताना आणि भटजी हाका मारत असताना कळलं.

मग रविवार सुरू झाले. कोथरूडला तुम्ही, निखिल आणि रेवती सगळ्यात वरच्या मजल्यावर राहायचात आणि वरची गच्ची तुमच्या झाडांची होती. मी सकाळी यायची, लेकीला भेटायला म्हणून. लेक विचारायची, "आई, तू मला भेटायला येतेस की झाडांना?" मी म्हणायची, तुला. मग तुम्ही वरून हाक मारायचात आणि मी चहाचा कप तसाच टाकून जिना चढायची.

तुमच्याकडे जेवायला बसलं की उठायची सोय नसायची. रश्श्यातली पाटोडी संपत आली की दुसरी ताटात पडलेली असायची, नको म्हणणाऱ्याचं ऐकायचं असतं हे तुमच्या गावी कोणी शिकवलंच नसावं. माझ्या वाढण्याची मात्र थट्टा. "तुम्ही पुण्याचे लोक पोळी विचारता ती डब्याचं झाकण लावत लावत." मी झाकण लावत नव्हते, पोळी गार होऊ नये म्हणून ठेवत होते, हे मी तुम्हाला कितीदा सांगितलं. पण झाडांच्या बाबतीत आपण दोघी अगदी उलट्या. मी सढळ हाताने पाणी घालणारी आणि तुम्ही थेंबाथेंबाला मोताद करणाऱ्या. पाण्याच्या झारीला हात लावला की तुम्ही माझं मनगट धरायचात.

"आधी मातीत बोट घाला."

मी बोट घालायची.

"ओली आहे?"

"आहे."

"मग हात मागे घ्या. आपलं प्रेम आहे म्हणून पाणी नाही घालायचं. तिला तहान आहे म्हणून घालायचं."

हे तुम्ही इतक्या वेळा म्हणालात की गटातल्या प्रत्येकाला ते पाठ आहे. पाठ असणं आणि कळणं यात किती अंतर असतं, ते आम्ही सगळ्यांनी नंतर दाखवून दिलंच.

आता गेटवाली. प्रभात रस्त्याच्या आतल्या एका गल्लीतला बंगला रिडेव्हलपमेंटला निघाला होता आणि फाटकावरची बोगनवेल आधीच तोडून टाकली होती. जमिनीत नुसता बुंधा उरला होता. तुम्ही येता-जाता तो हेरून ठेवलात आणि मला फोन केलात, "शैलाताई, निघा. पहार घेऊन या." सदाशिव पेठेत फ्लॅटमध्ये राहणाऱ्या बाईकडे पहार असते का? मी गल्लीतल्या मंडपवाल्याकडून मागून आणली. देताना त्याने फक्त एवढंच विचारलं, कोणाशी भांडण झालंय का.

तिथल्या सुपरवायझरने आपल्याला खणू दिलं. खरं तर त्यानेच निम्मं खणलं, कारण आपल्याला पहार उचलत नव्हती. शेवटी बुंधा निघाला तेव्हा तो म्हणाला, "सरपणाला का, आजी?" तुम्ही म्हणालात, "नाही, घरी पाहुणी नेतो आहोत." त्याने फाटक अदबीने उघडून धरलं.

रिक्षावाले नेहमीप्रमाणे कुठेच यायला तयार नव्हते. एक तयार झाला तो गोणपाटातलं गाठोडं बघून बिथरला. काटे आहेत, सीट फाटेल म्हणाला. मग तुम्ही ते ओलं गाठोडं स्वतःच्या मांडीवर घेतलंत आणि कोथरूडपर्यंत प्रत्येक खड्ड्याला "अगं बाई" म्हणत आलात. मध्येच मला म्हणालात, "सुनेला घरी आणताना एवढं नव्हतं जपलं मी."

"सांगते रेवतीला."

"सांगा. माहीत आहे तिला."

फाटकावरची म्हणून तिचं नाव गेटवाली. पहिलं वर्षभर तिने काहीच केलं नाही, नुसती बसून राहिली. पुढच्या वर्षी फुटली, आणि त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात राणी रंगाच्या फुलांनी अशी भरली की खालच्या मजल्यावरचे लोक बघायला वर आले. वरचा सगळा डेरा मी घडवला, हे तुम्हीही मान्य करायचात. एकेक फांदी तारेने वळवून, छाटून मी तिला गोल, नेटका माथा दिला होता. भांडण होतं ते खालच्या डाव्या फांदीवरून.

ती फांदी बुंध्यातून अगदी खाली निघालेली. जाडजूड, कोपरात वाकलेली आणि सरळ बाहेर गेलेली. जिन्यात बसून पाय पसरणारा माणूस असतो ना, तशी. सगळ्या झाडाचा तोल ती बिघडवत होती. मी म्हणायची, कापा. तुम्ही म्हणायचात, राहू द्या.

बोन्सायवाल्यांची एक पद्धत आहे. फांदी कापावी की ठेवावी हे ठरत नसेल, तर आधी तिच्यावर कापड टाकायचं, चार पावलं मागे जायचं, डोळे किलकिले करायचे आणि ती फांदी नसलेलं झाड बघायचं. कापलेली फांदी परत चिकटवता येत नाही, झाकलेली उघडता येते. तुमच्या गच्चीत दोरीवर तुमच्या ह्यांचा जुना पंचा असायचा. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण पंचा धुवून वापरात होता, कुंड्या पुसायला, हात पुसायला. मी आल्या आल्या तो पंचा डाव्या फांदीवर टाकायची आणि मागे जाऊन म्हणायची, "बघा. बघा कशी दिसते आता."

"चांगली दिसते."

"मग?"

"पंचा काढल्यावर पण चांगली दिसते." आणि तुम्ही तो ओढून परत दोरीवर टाकायचात.

"अहो, पण कारण तरी सांगा. तोल जातोय, डोळा तिथेच अडकतोय, वरचा माथा कोणाला दिसतच नाही."

"फाटकावर होती ती, शैलाताई. रस्त्याकडे हात करून उभं राहायची सवय आहे तिला."

"आता ती गच्चीत आहे."

"ते तिला कोण सांगणार?"

तेहतीस वर्षं मुलींना गणित शिकवलेल्या बाईपुढे तुम्ही असले पुरावे ठेवायचात. एकदा मी करवत घेऊनच आले होते. तुम्ही चहा करायला म्हणून खाली गेलात आणि नंतर करवत सापडेना. दोन दिवसांनी रेवतीला खिचडी टाकताना ती तांदळाच्या डब्यात सापडली. तिने मला फोन करून विचारलं, तुम्ही दोघी वर नक्की काय करता?

एक गोष्ट मी तुम्हाला कधी सांगितली नाही, ती आता सगळ्यांसमोर सांगते. आमचे हे गेले, शाळा सुटली, रेवती लग्न होऊन गेली, तेव्हा रविवार मला खायला उठायचा. आठवडाभर माणूस काही ना काही काम काढतं, पण रविवारी सकाळी सदाशिव पेठेत सगळ्यांच्या घरी कोणीतरी असतं आणि आपल्या घरी आपणच असतो. तुम्ही मला त्यातून बाहेर काढलंत, आणि तेही सहानुभूतीचा एक शब्द न बोलता, नुसतं भांडण देऊन. शनिवारी झोपताना मी डोक्यात मुद्दे जुळवायची. आणि मनातल्या मनात मला भीती असायची की एखाद्या दिवशी तुम्ही खरंच म्हणाल, बरं, कापा. मग पुढच्या रविवारी काय बोलायचं? मला या वयात मैत्रीण मिळेल असं वाटलं नव्हतं, आणि विहीणच मिळेल असं तर मुळीच नाही. हे तोंडावर बोलले असते तर तुम्ही म्हणाला असतात, "असं काहून बोलून राहिल्या? ताप आहे का?" म्हणून नाही बोलले.

संक्रांतीनंतरच्या रविवारी तुम्ही माझ्या हातावर तिळगूळ ठेवलात. मी पंचा टाकला, मागे गेले आणि म्हटलं, "आता गोड बोलायचं असेल तर फांदी कापू द्या."

तुम्ही म्हणालात, "कडूच बोला मग."

तेच आपलं शेवटचं बोलणं. त्या आठवड्यात तुम्ही झोपेतच गेलात. कोणाला हाक नाही, कोणाला त्रास नाही. सकाळी रेवती चहा घेऊन आली तेव्हा तुम्ही कुशीवर निजल्यासारख्या होतात. लोक म्हणाले, भाग्याचं मरण. असेल. मला मात्र अजून राग आहे की तुम्ही निदान पुढच्या रविवारपर्यंत तरी थांबायचं होतं.

त्यानंतर जे झालं ते फक्त आपल्या गटातच होऊ शकतं. समाचाराला माणसं येत होती. तुमच्या फोटोपुढे बसायची, निखिलच्या पाठीवर हात ठेवायची, रेवती देईल तो चहा घ्यायची आणि निघताना म्हणायची, "जरा वर झाडं बघून येतो." एकटीच जायची, डोळे पुसत खाली यायची. आम्हाला वाटायचं, वर जाऊन मोकळी होत असतील. अशा घरात कोणाला कोणाचं रडणं विचारायचं नसतं, म्हणून कोणी विचारलं नाही.

तेराव्याला जेवणं उरकल्यावर मी वर गेले. देवधर हातात मग घेऊन गेटवालीवर वाकले होते.

"काय करताय?"

"काही नाही. थोडं पाणी. बिचारी सगळी दुर्लक्षित राहिली असणार, घरात हे सगळं चाललेलं. मी आलो की घालतो."

"तुम्ही तर रोज येताय."

"हो, मग रोज घालतो."

तेवढ्यात जिन्यातून गटातल्या बापटबाई वर आल्या. त्यांच्या हातात पाण्याने भरलेली झारी होती. आम्हाला बघून त्या जागीच थांबल्या. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. बापटबाई दुपारी घालत होत्या. निखिल पहाटे उठून घालत होता, कारण त्याला झोप लागत नव्हती आणि वर गेलं की आई जवळ आहे असं वाटायचं. रेवती संध्याकाळी दिवा लावून झाला की घालत होती. आणि मीही घालत होते. मीसुद्धा, कुमुदताई. मनगट धरायला कोणी नव्हतं, आणि त्या दिवसांत मी मातीत बोट घातलं नाही. प्रत्येकाला वाटत होतं, एवढ्या गडबडीत आपल्याशिवाय हे कोणाला सुचलं नसेल.

गच्चीवरची प्रत्येक कुंडी तुडुंब होती. वड आणि उंबर मुकाट्याने सोसत उभे होते. गेटवालीच्या खाली पिवळ्या पानांचा सडा पडला होता आणि वर एक पान उरलं नव्हतं. बोगनवेलीला ओली मुळं सोसत नाहीत, आणि त्यात थंडीचे दिवस. आम्ही सगळे तिच्याभोवती उभे राहिलो. मग निखिल म्हणाला, "आईने आपल्या सगळ्यांना लाइनीत उभं केलं असतं." आणि तो हसायला लागला, तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. मग बापटबाई हसल्या, मग देवधर. तेराव्याला गच्चीवर इतकी माणसं खळखळून हसत आहेत हे ऐकून खालच्या मजल्यावरच्यांना काय वाटलं असेल कोण जाणे.

हसून झाल्यावर निखिलने माझा हात धरला. मलाही तो आईच म्हणतो. "आई, ही जगायला पाहिजे. बाकीच्यांचं काहीही होऊ दे. आईसाठी त्या रात्री मला काही करता आलं नाही, शेजारच्या खोलीत होतो आणि कळलंसुद्धा नाही. हिचं तरी बघा. प्लीज." ज्या मुलाने जन्मात कुंडीला हात लावला नव्हता, तो माझ्यापुढे असा उभा होता. मला शब्द देता येईना. मी फक्त म्हटलं, "जुनी चादर आण."

चादरीवर तिला काढली आणि तोच ओल्या मोज्यांचा वास आला, माझ्या उंबराचा. तुम्ही माझ्या गॅलरीत ज्या क्रमाने केलं होतं त्याच क्रमाने करत गेले. काळी मुळं कापली. उजवीकडची जवळजवळ सगळीच गेली. मागची गेली. डावीकडे खाली एक जुडगा मात्र पांढरा, टणक, चांगला राहिलेला. तेवढाच. वाळू आणि विटांच्या बारीक तुकड्यांमध्ये तिला बसवलं आणि माझ्याकडे आणली, कारण माझ्याकडे समाचाराला कोणी येत नाही. रेवती गाडी चालवत होती आणि मागे निखिल गेटवालीला मांडीवर घेऊन बसला होता. काट्यांचं त्याला कोणी सांगितलं नव्हतं. प्रत्येक खड्ड्याला मागून "अगं बाई" ऐकू आलं, अगदी तुमच्या आवाजात.

मग काही न करण्याचे दिवस आले. मला आयुष्यात इतकं अवघड काम कोणी दिलं नव्हतं. सकाळी उठून मातीत बोट घालायचं आणि हात मागे घ्यायचा. नखाने साल किंचित खरवडून बघायची, आतून हिरवी असली तर जीव आहे. आधी शेंडा तपकिरी झाला. मग मी घडवलेला तो गोल माथा एकेका फांदीने वाळत खाली आला. रोज थोडं खाली खरवडायचं आणि रोज आत कोरडं लाकूड. गटातून फोन यायचे. निखिल दर रविवारी यायचा, तिच्यासमोर स्टुलावर बसायचा आणि काही न विचारता जायचा. जाताना झारीकडे हात जायचा त्याचा, आणि मी त्याचं मनगट धरायची.

गेल्या गुरुवारी नळाला पाणी नव्हतं, त्यामुळे पाणी घालायचा मोहही नव्हता. सकाळी ऊन गॅलरीत आलं होतं. आता थंडी गेली आहे, दुपारचं चांगलंच तापतं. मी बोट घालायला वाकले आणि डाव्या फांदीच्या कोपराला काहीतरी दिसलं. आधी वाटलं मुंगी. चष्मा लावून पाहिलं. तांबूस, टोकदार, मोहरीएवढं. त्याच्यापुढे दुसरं. त्याच्यापुढे तिसरं.

मी निखिलला फोन केला.

"आई, मी मीटिंगमध्ये आहे."

"फुटली."

"कुठे?"

"तुझ्या आईच्या फांदीवर."

रेवती सांगते की तो मीटिंगमधून उठला आणि बाहेर जाऊन रडला, आणि परत येऊन सगळ्यांना बोगनवेलीचा फोटो दाखवला. त्यांना त्यात काय दिसलं असेल, मला माहीत नाही. वाळलेलं खोड आणि तीन ठिपके.

मग मी तिथेच बसले आणि नीट विचार केला, कुमुदताई, कारण आता वाद घालायला वेळच वेळ होता. वाचली ती फक्त डावीकडची मुळं. आणि डावीकडच्या मुळांना इतकी वर्षं पोसत होती ती डावी फांदी. माझं ऐकून ती कापली असती तर ती मुळंही दुबळी झाली असती आणि आज चादरीवर टाकायलासुद्धा काही उरलं नसतं. तुम्हाला हे माहीत होतं का? मला तसं वाटत नाही. तुम्हाला ती आवडत होती, एवढंच. पण तुम्ही कधी कारण सांगितलं नाहीत, त्यामुळे मला कायमचं कळणार नाही, आणि हे तुम्ही मुद्दाम केलं असेल असाही मला संशय आहे.

परवा रविवारी निखिल आला. येताना त्याने पंचा आणला होता, गच्चीच्या दोरीवरचा. मी तो हातात घेतला. सवयीने हात डावीकडे गेला. मग मी तो वर टाकला, वरच्या सगळ्या वाळलेल्या भागावर, मी वर्षानुवर्षं वळवलेल्या, छाटलेल्या, मिरवलेल्या माथ्यावर. चार पावलं मागे गेले. गॅलरी लहान आहे, म्हणून घरात शिरून सोफ्यापर्यंत गेले. डोळे किलकिले केले.

जाड बुंधा, आणि त्यातून निघालेली एकच फांदी, रस्त्याकडे हात करून उभी. खालून सदाशिव पेठ चालली होती, स्कूटर, क्लासला जाणारी मुलं, भांडणारी दोन माणसं. ती त्यांच्याकडे बघत होती. तिच्यात काही कमी नव्हतं. झाड पूर्ण होतं, कदाचित नेहमीच होतं, आणि मी दर रविवारी त्यातला चुकीचा भाग झाकत होते.

"कापायचं का वरचं?" निखिलने विचारलं. करवत त्याच्या हातात होती. तांदळाच्या डब्यातलीच.

"कापूया," मी म्हटलं. "तू काप, मी धरते." त्याने कापलं. नीट कापलं.

तुम्ही जिंकलात, विहीणबाई. मला हे तुम्हाला तोंडावर सांगायचं होतं आणि तुम्ही पंचा खांद्यावर टाकून "मी म्हणून राहिले होते नं" असं म्हणताना बघायचं होतं. ते राहिलं. आता उन्हाळाभर ती वाढेल, आणि मग त्या फांदीवरच्या कोणत्या फुटव्याला ठेवायचं आणि कोणत्याला नाही हे ठरवावं लागेल. निखिलचं मत आहे की सगळे ठेवायचे. मी त्याला समजावते आहे, पण तो ऐकणारा दिसत नाही. दर रविवारी येतो म्हणाला आहे.

आज सकाळी इथे यायला निघताना मी तिच्यापाशी थांबले. मेळाव्याचा दिवस, तुमची आठवण, मन भरून आलेलं, झारीही भरलेली होती. मातीत बोट घातलं आणि हात मागे घेतला. पाणी घातलं नाही, कुमुदताई. माती अजून ओली आहे.